गुडघ्यात इंजेक्शन, की मांडीचा व्यायाम?
पर्वतीच्या पायऱ्या उतरताना गुडघा धरून थांबणारी मंडळी पुण्यात रोज दिसतात. एक्स-रेत झीज दिसली की प्रश्न ठरलेला: स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यावं, की फिजिओथेरपी?

इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, हे खरं. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्टिरॉइड दिलं, बाकीच्यांना नुसतं सलाइन. दुखण्यात फरक नाही. उलट स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण, जास्त झिजली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या पेशी जगतात सांध्यातल्या द्रवावर: पाऊल टेकलं की द्रव बाहेर ढकलला जातो, उचललं की आत शोषला जातो. म्हणजे गुडघा हलायलाच हवा. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, मांडी आवळून पाच आकडे मोजायचे, हळूच खाली आणायचा. २०२० च्या दुसऱ्या एका चाचणीत वर्षभरानंतर फिजिओथेरपीवाल्यांचं दुखणं इंजेक्शनवाल्यांपेक्षा कमी होतं. आईसाठी मी हाच मार्ग धरला.

सूज येऊन पाऊलच टाकवत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एखादं इंजेक्शन घ्यावं आणि उतार पडताच व्यायामाला लागावं.