‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ची ४के डिस्क: काही महिने वापरल्यानंतर

औषधफवारणीच्या विमानाचा प्रसंग ऐन रंगात आला आणि डिस्क अडकली, म्हणून हे लिहायला बसलोय. सिनेमाचा नायक कॅरी ग्रँट धावतोय, मागून विमान झेपावतंय आणि चित्राचे चौकोन चौकोन होऊन सगळं ठप्प. डिस्कवर ओरखडा नाही, याच प्लेयरवर बाकीच्या ४के (ब्लू-रेपेक्षाही बारीक तपशील दाखवणाऱ्या) डिस्क विनातक्रार चालतात. विक्रेत्याचं पालुपद एकच: इंपोर्टेड माल आहे, परत घेत नाही. कस्टम ड्यूटीसकट पैसे मोजायचे आणि वर हे ऐकून घ्यायचं! अमेरिकन आवृत्तीसोबतचा, सिनेमा ऑनलाइन बघण्यासाठीचा डिजिटल कोड इथे चालत नाही, तो भुर्दंड वेगळाच.

तरीही चित्राबद्दल भरभरून लिहावंसं वाटतं. १९५९ चा हा सिनेमा दिग्दर्शक हिचकॉकने व्हिस्टाव्हिजन या चित्रीकरण पद्धतीत काढला. त्यात ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्यातून आडवी सरकते आणि एकेका फ्रेमला नेहमीच्या जवळपास दुप्पट जागा मिळते. २०२४ ची आवृत्ती त्याच मूळ निगेटिव्हच्या १३के (सुमारे १३ हजार पिक्सेल रुंद) स्कॅनवरून केली आहे. हे आकडे बाजूला ठेवा आणि ग्रँटचा राखाडी सूट बघा. डीव्हीडीवर त्याची बारीक चौकडी नुसती थरथरायची. २००९ च्या ब्लू-रेवर ती थांबली. इथे मात्र कापडाची वीण दिसते, आणि विमानाच्या हल्ल्यानंतर त्या विणीवर बसलेली धूळही वेगळी दिसते. पुढे शिकागोच्या हॉटेलात नायिका ईव्ह तो सूट साफ करायला द्यायला लावते, ते का, हे आता सांगावं लागत नाही. मी केवळ सुटासाठी मागे जाऊन प्रसंग लावतो.

एचडीआरबद्दल, म्हणजे उजेड आणि अंधारातला फरक वाढवून दाखवणाऱ्या तंत्राबद्दल, आधी माझी तक्रार होती. राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेल्या माउंट रश्मोर डोंगरावरचा रात्रीचा शेवट फारच काळा वाटला होता. पुन्हा पुन्हा पाहिल्यावर ते मत बदललं. काळ्यातही खडकाचा खडबडीतपणा टिकून आहे, ब्लू-रेवर तिथे सपाट करडा रंग होता.

एक गोष्ट मात्र खटकतेच. गाडीच्या आणि ट्रेनच्या प्रसंगांत स्टुडिओत नटांच्या मागच्या पडद्यावर सोडलेली दृश्यं आता जास्तच उघडी पडतात. पुढचा ग्रँट लख्ख, मागचा रस्ता भुरकट. डिस्क बिघडलेली असताना जुनी ब्लू-रे लावली, तर तिथे हा फरक डोळ्यांवर येत नाही. ती विकायला काढणार होतो, आता नाही.

ॲटमॉसचा, म्हणजे चहूबाजूंनी आणि वरूनही आवाज देणारा, ट्रॅक चांगला आहे. संगीतकार बर्नार्ड हर्मनचं सुरुवातीचं संगीत खोली भरून टाकतं. पण विमानाच्या प्रसंगात बराच वेळ संगीतच नाही, फक्त जाणाऱ्या गाड्या आणि इंजिनाची घरघर. तिथेच आवाजाची खरी परीक्षा आहे आणि तिथे हा ट्रॅक खरा उतरतो.

अखेर दुसऱ्या विक्रेत्याकडून नवी प्रत मागवली, ती शेवटपर्यंत चालली. तुम्ही घेणार असाल तर परतीची मुदत आधी लेखी विचारून घ्या आणि डिस्क हातात पडली की त्याच आठवड्यात पूर्ण बघा. नुसती सुरुवात लावून बाजूला ठेवू नका, माझी अडकली ती मध्याच्या पुढे.