चिऱ्याच्या घराचं वेळापत्रक आणि प्रोजेक्टलिब्रे : कोकणातल्या ठेकेदारांसाठी परीक्षण

कोकणात घराचं काम घेतलं की पहिली तारीख पावसाची धरायची. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मृग बरसायच्या आत स्लॅब पडला पाहिजे. डोक्यावर स्लॅब आला की आतली कामं पावसातही चालतात. नाही पडला तर काम ऑक्टोबरवर जातं, आणि चिरेखाणी (जांभा दगडाच्या खाणी) पावसात बंद असल्याने मधल्या काळात भिंती उठवून घेण्याचीही सोय राहत नाही. अशा कामाचं वेळापत्रक वहीत मांडता येतं, पण एक काम चार दिवसांनी सरकलं की पुढच्या तीस तारखा हाताने बदलायच्या कोणी? त्यासाठी प्रोजेक्टलिब्रे उपयोगी आहे. ओपनप्रोज या जुन्या प्रोग्रॅमवरून पुढे आलेला, वेळापत्रक आखण्याचा हा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅम २०१२ पासून मिळतो. विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालतो आणि मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या फायली उघडतो.

कामं, त्यांचे दिवस आणि 'कशानंतर काय' एवढं भरलं की क्रिटिकल पाथवरच्या, म्हणजे ज्या कामांना उशीर झाला तर शेवटची तारीखच पुढे जाते त्यांच्या, पट्ट्या आपोआप लाल दिसतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये त्यासाठी फॉरमॅट टॅबमध्ये जाऊन क्रिटिकल टास्क्सवर खूण करावी लागते. प्रोजेक्टलिब्रेची ही सोय फार मोलाची आहे. मात्र लाल पट्ट्यांची ही रेघ कितपत खरी, हे आपण काय भरलं यावर अवलंबून.

सुरुवात कॅलेंडरपासून करा. मुळात त्यात सोमवार ते शुक्रवार धरलेला असतो, साइट सहा दिवस चालते. आठवड्याची सुट्टी दुरुस्त करा, मग शिमगा आणि गणपतीचे दिवस सुट्टी म्हणून टाका. शिमग्याला गवंडी गावी जातो, आणि ते दिवस नेमके मार्चच्या ऐन हंगामात येतात. ते न धरता केलेलं वेळापत्रक एप्रिलमध्येच कोसळतं.

दुसरी अडचण क्युरिंगची, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत थांबण्याची. स्लॅबचे टेकू कधी काढायचे हे आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात दिलं आहे : साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. ६ मीटरपर्यंतच्या बीमला १४, त्यापुढे २१. पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) वापरत असाल तर मुदत वाढवण्याबद्दल इंजिनिअरला विचारा. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, कामाचे नव्हेत. सिमेंट रविवारीही घट्ट होतच असतं. १४ दिवसांचं थांबणं साध्या दिवसांत भरलं तर सहा दिवसांच्या आठवड्यात ते १६ दिवस होतं. म्हणून थांबण्याचा काळ सुट्ट्याही मोजणाऱ्या 'इलॅप्स्ड' दिवसांत भरा. आकड्यापुढे इंग्रजी ई आणि डी ही अक्षरं येतात. त्याऐवजी कोणी त्या कामाला चोवीस तासांचं कॅलेंडर लावतात. ते धोक्याचं आहे. प्रोग्रॅमचा एक दिवस ८ तासांचा, त्यामुळे १४ दिवसांचे ११२ तास पाच दिवसांच्या आतच संपतात आणि टेकू काढायची तारीख भलतीच अलीकडे येते.

आता सर्वांत महत्त्वाचं. बाहेरचा रंग पावसात होत नाही, म्हणून बरेच जण त्या कामाला जून ते सप्टेंबर बंद असलेलं कॅलेंडर लावतात. ते बरोबरच आहे. पण मग रंग ऑक्टोबरमध्येच सुरू होणार, स्लॅब १० दिवस उशिरा पडला तरी. प्रोग्रॅमच्या हिशेबाने स्लॅबला भरपूर फ्लोट (शेवटची तारीख न हलता उशीर करायची मोकळीक) मिळतो, त्याची पट्टी निळी होते, आणि सगळ्यांत नाजूक काम निर्धास्त दिसू लागतं. गणित चुकलेलं नसतं. लाल रेघ गृहप्रवेशापर्यंतची असते आणि आपल्याला हवी असते स्लॅबपर्यंतची. उपाय सोपा : फाइलची प्रत काढा, स्लॅब ओतण्यापुढची सगळी कामं पुसा आणि ओतणं हाच शेवटचा टप्पा ठेवा. मेअखेरपर्यंत हीच प्रत रोज पाहायची.

काम ओढायचं, म्हणजे जास्त पैसे घालून लवकर संपवायचं, ठरलं की खर्चाचा उतार काढा : वाढणारा खर्च भागिले वाचणारे दिवस. समजा, दुसरी टोळी लावून चिऱ्याचं बांधकाम २० दिवसांवरून १४ वर येतं आणि १८,००० रुपये जास्त लागतात, म्हणजे दिवसाला ३,०००. आतलं प्लास्टर १५ वरून ११ वर आणायला ८,०००, म्हणजे दिवसाला २,०००. प्लास्टर स्वस्त दिसतं, पण ते स्लॅबनंतरचं आहे. तिथे ओतलेला पैसा स्लॅबची तारीख हलवत नाही. पावसाआधी महाग असली तरी चिऱ्याची टोळीच वाढवायची. तीही हवी तितकी नाही, कारण भिंत दिवसात मीटरभरापेक्षा जास्त उठवणं बरं नव्हे, आणि दोन टोळ्यांना खाणीवरून दुप्पट चिरा वेळेवर यायला हवा.

पुढे प्लास्टर ओढतानाही एकेक दिवस कमी करून रेघ पाहा. गुजरातेतल्या मोरबीहून टाइल्स मागवून साइटवर येईपर्यंतच्या कामांच्या साखळीत ३ दिवसांचाच फ्लोट असेल, तर प्लास्टर ४ दिवसांनी आवरून लादी ३ दिवसच आधी सुरू होते. चौथ्या दिवसाचे २,००० रुपये वाया.

तारखेच्या रकान्यात हाताने तारीख लिहिण्याची सवय इथे सोडावी. तशी लिहिली की 'याच्या आधी नको' अशी अट कामाला चिकटते आणि मागचं काम लवकर संपलं तरी पुढचं जागचं हलत नाही. शिवाय एकाच गवंड्याला त्याच दिवशी दोन कामं दिली तर लाल रेघेवर ते दिसत नाही. त्यासाठी कोणावर किती काम आहे हे दाखवणारा हिस्टोग्राम उघडावा लागतो.

दोन-तीन खोल्यांच्या दुरुस्तीला याची गरज नाही. दोन घरं एकदम चालू असतील तर जरूर घ्या. आर्किटेक्ट मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट वापरत असेल तर त्याला फाइल एक्सएमएलमध्ये जतन करून पाठवा, कारण प्रोजेक्टलिब्रेची स्वतःची पॉड फाइल त्याच्याकडे उघडणार नाही.