बंदरात अडकलेल्यांसाठी ‘इन्कॉइस’चा समुद्राचा अंदाज: एका बडोदेकरणीचा अनुभव

हवामानाच्या ॲपवर बहुतेक जण वारा आणि पाऊस बघतात. शिडाच्या होडीने दक्षिणेला निघालेल्यांना बंदरात खोळंबून ठेवते ती लाट. आणि लाटेचा अंदाज फुकट देणारी फार चांगली सेवा आपल्याच देशात आहे: हैदराबादची इन्कॉइस. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची ही संस्था १९९९ पासून काम करते आहे. बडोद्यात हे नाव काढलं की लोक माझ्याकडे बघत राहतात. पण माझ्या दादाच्या होडीवर दांडिया बाजार, रावपुऱ्यातून कोणी ना कोणी जातच असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा हिच्यावर विश्वास बसला तो २०१९ च्या दिवाळीत. मुंबईहून गोव्याकडे निघालो होतो आणि देवगडच्या बंदरात शिरलो, कारण अरबी समुद्रात ‘क्यार’ नावाचं चक्रीवादळ तयार होत होतं. २५ ऑक्टोबरच्या सुमारास ते रत्नागिरीपासून साधारण २०० किलोमीटरवर होतं. देवगडचं बंदर डोंगराच्या आडोशाला असल्यामुळे वादळ आलं की सगळा किनारा तिथे लोटतो. वेरावळ, पोरबंदरच्या बोटी, केरळ-तमिळनाडूच्या बोटी, एकमेकींना टेकून उभ्या. नांगराचा दोर नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, जिथे घासतो तिथे दादाने पाण्याची जुनी रबरी नळी उभी चिरून गुंडाळली होती. मी रात्री उठून टॉर्च मारून ती बघायची. नळी सरकली तर दोर तासाभरात झिजतो.

आई बडोद्याहून फोन करायची, “चकल्या करून ठेवल्यात गं, खाणार कोण?” लक्ष्मीपूजन होडीतच झालं. भाऊबीजेला, म्हणजे २९ तारखेला, वारा अगदी पडला. आभाळ निळं, टेकडीवरच्या पवनचक्क्या जवळजवळ थांबलेल्या. ओवाळून झाल्या झाल्या दादा म्हणाला, “चला, दुपारी निघू.”

मी तेव्हा इन्कॉइसचं पान उघडलं. त्यात वारा एकीकडे, लाटांची उंची दुसरीकडे, आणि दुरून येणारी लाट, जिला होडीवाले स्वेल म्हणतात, ती वेगळी दाखवतात. तिचा कालावधीही देतात, म्हणजे एक लाट गेल्यावर दुसरी किती सेकंदांनी येते ते. तिथल्या वाऱ्याने उठलेली लाट पाच-सहा सेकंदांची असते. त्या दिवशी पानावर १४ सेकंदांच्या घरातला आकडा होता. वादळ तोवर साधारण १००० किलोमीटर लांब गेलं होतं, पण १४ सेकंदांच्या लाटांचा ताफा खोल पाण्यात तासाला सुमारे ३९ किलोमीटरने सरकतो. म्हणजे आदल्या दिवशी वादळाने उठवलेलं पाणी आमच्या दाराशी त्या दिवशी पोचत होतं. अशी लाट खोल पाण्यात कळतही नाही. उथळाला लागली की तिचा वेग मंदावतो, उंची वाढते आणि ती फुटते. बंदराचं तोंड म्हणजे नेमकी तीच जागा.

बडोदेकरांना हे समजायला जड जाऊ नये. ऑगस्ट २०२४ मध्ये पाऊस ओसरला तरी विश्वामित्री नदीचं पाणी घरांतून हलेना, कारण वर आजवा जलाशयाकडून आणि पाणलोटातून ते येतच होतं. समुद्राचंही तसंच.

त्याच दिवशी होडीत आणखी एक खूण दिसत होती. वारा नसताना होडी आडवी डुलत होती, शेगडीवर ठेवलेलं दूध कडेने सांडत होतं. शेजारच्या वेरावळच्या बोटीवरच्या तांडेलकाकांना, म्हणजे बोटीच्या प्रमुखांना, मी गुजरातीत विचारलं, निघू का? ते म्हणाले, “बेन, पवन पड्यो छे, दरियो नथी पड्यो.” म्हणजे वारा पडलाय, समुद्र नाही. पानाने आकड्यांत सांगितलं होतं तेच. आम्ही थांबलो. त्याच दिवसांत याच वादळाच्या लाटांमुळे कराचीच्या किनारी वस्त्यांत समुद्राचं पाणी शिरलं होतं, आणि वादळ त्या शहरापासून कितीतरी लांब होतं.

पाठोपाठ लक्षद्वीपकडे ‘महा’ उठलं, दोन वादळं एकाच नकाशावर. पुढचा मुक्काम कंटाळवाणा होता, त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. नोव्हेंबरचा पहिला आठवडा उलटल्यावर, स्वेल उतरलेला पाहूनच नांगर उचलला.

आता सेवेकडे. २०२० मध्ये इन्कॉइसने लहान होड्यांसाठी वेगळी सल्ला-सेवा सुरू केली. ७ मीटरपर्यंत रुंदीच्या होड्यांसाठी ती आहे, आणि आपल्याकडची बहुतेक शिडाची होडी त्यात आरामात बसते. लाटेची उंची, लाट किती उभट आहे, ती किती दिशांनी येते, वारा किती झपाट्याने वाढतो, हे सगळं धरून होडी उलटण्याचा धोका कुठे आहे ते १० दिवस आधी दाखवते. मला हे उंचीच्या एकट्या आकड्यापेक्षा फार मोलाचं वाटतं. दोन मीटरची लांबट लाट होडीला वर उचलून हळू खाली ठेवते, दोन मीटरची उभट लाट होडीला आडवी करते.

उंचीचा आकडा वाचताना एक लक्षात ठेवा. ती सगळ्यांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून त्याच्या जवळपास दुप्पट लाट येणारच. पानावर दोन मीटर असेल तर मनात साडेतीनची तयारी ठेवायची.

मोबाइलवर ‘समुद्र’ नावाचं त्यांचं ॲप आहे. वारा पाहायला मी जोडीला विंडी हे हवामानाचं ॲप उघडते, कारण तिथे युरोपचं आणि अमेरिकेचं हवामान-मॉडेल शेजारी लावून बघता येतं. दोघांचं जुळत नसेल तर मी बंदर सोडायच्या बाजूची नसते. बंदरावरचा बावटाही बघाच. भारतात १ ते ११ क्रमांकांचे इशारे आहेत. तीन नंबरचा लागला की बंदरातच जोराच्या वाऱ्याचा धोका असतो.

कुठलाही अंदाज समुद्राचे मोठे चौकोन पाडून मोजलेला असतो. खाडीच्या तोंडाशी यंदा वाळूचा दांडा कुठे सरकलाय, ओहोटीचं पाणी समोरच्या लाटेवर आदळून कुठे उभं राहतं, ते त्यात येत नाही. ते धक्क्यावरच्या माणसालाच विचारायचं, आणि विचारल्याशिवाय तोंड ओलांडायचं नाही. शिवाय देवगडच्या डोंगराआड नेट मधूनच जातं, म्हणून सकाळी रेंज असताना पान उघडून स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा राखला तो एवढ्याचसाठी की लाटेचा कालावधी म्हणजे काय हे नवख्याला कोणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं.

दादा यंदा डिसेंबरात निघायचं म्हणतोय, वादळांचा जोर ओसरल्यावर. बडोद्याहून जे येणार आहेत त्यांनी निघायच्या आधी आठवडाभर रोज देवगड आणि मालवणसमोरचा अंदाज उघडून वारा, उंची आणि सेकंद वहीत टिपून ठेवा. परतीचं रेल्वे तिकीट नक्की तारखेचं काढू नका, आणि मळमळीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बरोबर घ्या.