पडद्यामागचा सबवूफर

आमच्या घरी सकाळी ख्याल आणि रात्री नाट्यसंगीत ऐकण्याची सवय वडिलांपासून चालत आलेली आहे, म्हणून जुने स्पीकर निकामी झाल्यावर नवा जोड निवडण्यासाठी मी लॅमिंग्टन रोडवर पूर्ण एक शनिवार घालवला. एका दुकानात विक्रेत्याने माझी आवड आस्थेने विचारली आणि ‘शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठीच हा आहे’ असे सांगून ४ इंची वूफरचा (खर्ज वाजवणाऱ्या भागाचा) एक छोटा जोड वाजवून दाखवला. डग्ग्याचा घुमारा छातीत जाणवत होता आणि शेजारचा स्वस्त जोड त्यापुढे अगदी फिका वाटला, त्यामुळे मी २८,००० रुपये रोख मोजले.

लालबागच्या आमच्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत तीच बंदिश लावली, तेव्हा डग्गा पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखा वाजू लागला आणि तंबोऱ्याचा खर्ज जवळजवळ नाहीसा झाला. एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा खर्ज खोडतात, हे ठाऊक असल्याने मी आधी स्वतःचीच चूक शोधली. तारा तपासल्या, स्पीकर भिंतीजवळ सरकवून पाहिले, पण फरक नगण्य होता. पुढच्या शनिवारी पुन्हा दुकानात गेलो आणि या वेळी कान बाजूला ठेवून डोळ्यांनी पाहिले, तेव्हा त्याच अँप्लिफायरमधून निघालेली एक तार पडद्यामागे ठेवलेल्या मोठ्या सबवूफरकडे, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरकडे, जाताना दिसली. मी ऐकलेला सारा घुमारा त्या पेटीचा होता.

‘डेमोला सगळेच लावतात, साहेब,’ एवढेच उत्तर मिळाले.

आणखी एक गोष्ट मला नंतर उमगली, ती मी अधिक गंभीर मानतो. स्वस्त जोड लावताना विक्रेत्याने आवाज किंचित उतरवला होता. दोन डेसिबलचा फरक असला तरी मोठा आवाज आपल्याला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो, आणि हळू आवाजात तर कानाला खर्जच आधी कमी ऐकू येतो. खोक्यावर ठळक छापलेले १,२०० वॉट हे पीएमपीओचे, म्हणजे जाहिरातीसाठी सांगितल्या जाणाऱ्या क्षणिक कमाल शक्तीचे होते. सलग पेलता येणारी आरएमएस क्षमता मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत फक्त २५ वॉट होती.

‘जीएसटी वाचेल’ म्हणून मी कच्च्या पावतीवर समाधान मानले होते. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. परंतु १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना दुकानाचे नावही नसलेला तो कागद माझ्या फारसा उपयोगी पडला नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकांसाठी स्पीकर पाहायला गेलो, तेव्हा त्यांच्या रोजच्या ऐकण्यातली ध्वनिमुद्रणे सोबत नेली, इतर सर्व तारा काढायला लावल्या, मोबाइलवरच्या डेसिबल मापकाने प्रत्येक जोडाचा आवाज सारखा करून घेतला आणि पक्के बिल हातात आल्यावरच पैसे दिले.