नोटीस पूर्ण करावी की बायआउट करावं?

नवी कंपनी म्हणते ४५ दिवसांत या, जुनीची नोटीस ९० दिवसांची. पुण्याच्या आयटीत हिंजवडी असो की खराडी, पेपर टाकला (राजीनामा दिला) की बहुतेकांची गाडी इथेच अडते: पूर्ण नोटीस द्यावी, की उरलेल्या दिवसांचे पैसे कंपनीला भरून लवकर सुटावं, म्हणजे बायआउट करावं?

पूर्ण नोटीस दिली तर पगार चालू राहतो, रिलीव्हिंग लेटरला (कामातून मोकळं केल्याच्या पत्राला) कुणी आडकाठी करत नाही आणि केटी, म्हणजे आपलं काम दुसऱ्याला समजावून देणं, घाईत उरकावी लागत नाही. अडचण एकच, नवी कंपनी थांबेलच असं नाही.

बायआउटमध्ये सुटका लवकर होते, पण आधी अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. वसुली बेसिकवर (मूळ पगारावर) की ग्रॉसवर (भत्त्यांसह एकूण पगारावर)? बेसिक ४०,००० आणि ग्रॉस ८०,००० असेल, तर ४५ दिवसांचे एका हिशेबाने ६०,००० होतात, दुसऱ्याने १,२०,०००. शिवाय बायआउट बऱ्याच ठिकाणी कंपनीच्या मर्जीवर असतं. नवी कंपनी भरपाई देणार असेल तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. ती रक्कम पगारात धरून तिच्यावर कर लागतो.

आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षं झाल्यावर नोकरी सोडताना मिळणारी रक्कम! मी पेपर टाकला तेव्हा चार वर्षं दहा महिने झाले होते. ४५ दिवसांनी बायआउट केलं असतं तर पाच वर्षांना पंधरा दिवस कमी पडले असते. काही कंपन्या चार वर्षं २४० दिवसांवरही देतात, आमची देत नव्हती. ४०,००० बेसिकवर पाच वर्षांचे सुमारे १,१५,००० होतात. मी नव्या कंपनीला कारण सरळ सांगितलं, तारीख पुढे मागितली, त्यांनी दिली. म्हणून माझा सल्ला असा: पाच वर्षं तोंडावर असतील तर थांबाच. नसतील तर साठ दिवस मनापासून काम करा, उरलेले शिल्लक रजेत वळते होतात का ते मॅनेजरशी बोला, आणि मगच बायआउटचं बघा.

केटीचं मात्र दोन्ही वाटांवर सारखंच. आमच्याकडे शुक्रवारी रात्री एक बॅच जॉब (सिस्टीमवर आपोआप चालणारं काम) अडकायचा, तो हाताने परत चालू करावा लागे. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या जागी येणाऱ्या मुलीला शेजारी बसवून दोन शुक्रवार तिच्याच हातून करून घेतलं. ज्यांच्यासोबत पाच वर्षं डबा खाल्ला, त्यांची शनिवारची झोप आपल्यामुळे मोडू नये, असं मला फार वाटत होतं.

निघाल्यावर पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख चढली का ते बघा. कंपनीने टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आपल्यालाच टाकता येते.