'नाना' शेऱ्यावर अपील: फौजी अपंगत्व पेन्शनच्या तीन पायऱ्या, कुठली किती कामाची

नकाराच्या पत्रात बहुतेकदा एकच शेरा असतो: व्याधी सेवेमुळे झालेली नाही, सेवेने बळावलेलीही नाही. Neither Attributable Nor Aggravated या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडली की 'नाना' होतं. नाना आले म्हणून पेन्शन गेली, असं धरून बसू नका.

पहिलं अपील नकारानंतर सहा महिन्यांत करायचं. अपेक्षा बेताचीच ठेवा; तीच फाइल, तीच कागदपत्रं, सही तेवढी वेगळी. तरी ते करायचंच, कारण खात्यातली दाद न मागता सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेलात तर अर्ज दारातूनच परत येऊ शकतो. दुसरं अपीलही त्याच धाटणीचं. सहा महिने उत्तर नाही आलं, तर पुढची पायरी मोकळी.

खरा कस लागतो तो या न्यायाधिकरणात. इथे स्वतः उभं राहूनही बाजू मांडता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या धरमवीर सिंग निकालाचा इथे मोठा आधार आहे: भरतीच्या वैद्यकीय नोंदीत आजार नसेल, तर तो सेवेतच जडला असं गृहीत धरायचं. मेडिकल बोर्डाने कारण न लिहिता नुसता शेरा मारला असेल, तर अर्जात तो मुद्दा सगळ्यात वर घ्या. मात्र 21 सप्टेंबर 2023 नंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांना नवे नियम लागतात. जुना अर्ज जसाच्या तसा उतरवू नका.

कागद आधी जमवा. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाचा अहवाल, म्हणजे एएफएमएसएफ-16, मिळाला नसेल तर माहिती अधिकारात मागा. दुखापत असेल तर आयएएफवाय-2006 हा इंज्युरी रिपोर्ट हवाच. त्यात 'ड्युटीवर' असं स्पष्ट नसलं की प्रकरण तिथेच अडतं. रजेवरच्या अपघातात तर हमखास.

मुदत संपून निवृत्त झालेल्यांनी अपंगत्वाची टक्केवारीही बघावी. 20 च्या खाली असेल तर पेन्शन बसत नाही, म्हणजे मूळ भांडण टक्क्यांचं. त्यावर असेल तर राउंडिंग मागायला विसरू नका, कारण 50 च्या आतलं अपंगत्व 50 धरतात. शेवटचा पगार 60,000 असेल तर 100 टक्के अपंगत्वाला पगाराच्या 30 टक्के, म्हणजे महिन्याला 18,000. अपंगत्व 30 टक्के असलं तर 5,400, राउंडिंगने 9,000. उशिरा गेलात तर थकबाकी साधारण अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते.