राजारामपुरीतला ‘वक्र अवकाश’ संच: कापडापेक्षा कार्डशीट कामाचं

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका शालेय प्रयोगसाहित्याच्या दुकानात हा संच मिळतो. त्यात रिंग, लायक्रा कापड, लोखंडी गोळा, गोट्या, ३० सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल, जाड कार्डशीट आणि एक पुस्तिका आहे. मुलं कापडाभोवतीच गर्दी करतात, पण सिंग्युलॅरिटी, म्हणजे कृष्णविवरात जिथे अवकाश-काळच संपतो ती गोष्ट, समजायला त्याचा फारसा उपयोग नाही. गोटी खड्ड्याकडे जाते ती पृथ्वी तिला खाली ओढते म्हणून. शिवाय त्यात काळ कुठेच नाही.

खरा ऐवज कार्डशीटमध्ये आहे. १० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ कापा, त्याचा पाव भाग काढून टाका आणि उरलेल्या कडा सेलोटेपने जोडून शंकू करा. कडा एकमेकींवर चढवू नका, मापं कमी येतात. टोकापासून पृष्ठभागावरून २ सेंमीवर वर्तुळ आखा आणि दोऱ्याने परीघ मोजा. सपाट कागदावर १२.६ सेंमी आला असता, इथे ९.४ येतो. १ सेंमीवर ६.३ ऐवजी ४.७. कितीही जवळ जा, पाव हिस्सा कमीच.

आता पृथ्वीगोलाच्या ध्रुवाभोवती हेच करा. २ सेंमीवर परीघ १२.५ भरतो आणि जवळ जाल तशी तूट नाहीशी होते. ध्रुवावर रेखांश सांगता येत नाही, पण पृष्ठभाग तिथे ठणठणीत असतो. बिघाड फक्त आखणीचा. शंकूच्या टोकाचा मात्र खरा.

श्वार्ट्‌सशिल्डच्या १९१६ च्या उत्तरात, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांतून निघालेल्या कृष्णविवराच्या वर्णनात, हे दोन्ही बिघाड आहेत. सूर्याएवढ्या वस्तुमानाला ३ किमीवर येणारं घटना क्षितिज (जिच्या आतून परत येता येत नाही ती सीमा) ध्रुवाच्या जातीचं, हे भौतिकशास्त्रज्ञ लमेत्र यांनी १९३३ मध्ये दाखवलं. आतली सिंग्युलॅरिटी मात्र टोकाच्या जातीची: तिच्याकडे नेलेली सरळ रेषा तिथेच संपते. गणिती पेनरोज यांचा १९६५ चा सिद्धांत अशा संपणाऱ्या मार्गांबद्दलच आहे. फरक एवढाच की शंकूची वक्रता टोक सोडून सगळीकडे शून्य असते. कृष्णविवरात अंतर निम्मं झालं की वक्रतेच्या वर्गाचं माप ६४ पट होतं.

संचातली पुस्तिका इथेच घसरते. तिच्या चित्रात सिंग्युलॅरिटी म्हणजे मधला ठिपका. क्षितिजाच्या आत ती जागा नसून पुढे येणारा क्षण असतो, म्हणून टाळता येत नाही. सूर्याएवढ्या वस्तुमानात क्षितिज ओलांडल्यावर हातात जास्तीत जास्त सुमारे १५ मायक्रोसेकंद. पेनरोज यांच्या सिद्धांताला आधार देणारं भारतीय भौतिकशास्त्रज्ञ रायचौधुरींचं १९५५ चं समीकरणही गाळलंय. खगोलशास्त्रज्ञ नारळीकर पितापुत्रांच्या कोल्हापुरात विकल्या जाणाऱ्या संचात हे खटकतं.

शाळेने संच जरूर घ्यावा, पण तास शंकूपासून सुरू करावा. घरी पृथ्वीगोल असेल तर नुसती कार्डशीट आणि दोरा आणा.